बोका ओरडतोय, की त्याची लघवी अडली आहे?

आज शेळीपालन नाही, परसबाग नाही आणि कर्जाचे हप्तेही नाहीत. आज आपण बोलणार आहोत बोक्याबद्दल. हसू आलं ना? गेल्या वर्षी आमच्या बैठकीतही सगळ्या अशाच हसल्या होत्या, आणि आम्हीही त्यांच्यात होतो. त्या हसण्यात दोन दिवस गेले आणि एका काकूंचा बोका हातचा गेला. तसं तुमच्याकडे होऊ नये, म्हणून हा विषय घेतला आहे.

आमचा गट डाळ भरडून विकतो. तूर, हरभरा, मूग यांची पोती ज्या खोलीत असतात, ती खोली काकूंच्या घराला लागूनच आहे. खोलीत उंदीर फिरकत नसे, कारण काकूंचा गोट्या तिथेच झोपायचा. चार वर्षांचा, पिवळा-पांढरा, चांगला गुबगुबीत बोका. एका रात्री तो ओरडायला लागला. शेजारच्यांची झोप मोडली. दुसऱ्या दिवशी बैठक होती. काकू म्हणाल्या, "गोट्या रात्रभर रडतोय गं." कुणीतरी म्हणालं, "बोकाच तो, मांजरीला हाका मारत असेल." सगळ्या हसल्या आणि आम्ही बचतीचा हिशेब पुढे सुरू केला.

त्या संध्याकाळी गोट्या कोपऱ्यात जाऊन बसायचा, जोर करायचा, उठायचा, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात बसायचा. काकूंना वाटलं, पोट साफ होत नाही. त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही सांगितलं, "थोडं एरंडेल द्या, होईल मोकळा." हा सल्ला आमचा होता, हे आज इथे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी सकाळी गोट्या उठेना. उलटी झाली होती, अंग गार पडलं होतं. टोपलीत घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, "लघवी अडली आहे. फार उशीर झाला." अर्ध्या तासात तो गेला. पोट साफ न होण्याचा त्यात काही संबंधच नव्हता.

बोक्यालाच हे का होतं?

मांजरीचा लघवीचा मार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा मार्ग लांब असतो आणि टोकाकडे फारच अरुंद होत जातो. लघवीच्या पिशवीत बारीक रेतीसारखे खडे तयार झाले, किंवा पिशवीच्या आतल्या बाजूला सूज येऊन चिकट स्राव सुटला, की त्याचं बूच तयार होतं. मांजरीच्या मार्गातून ते निघून जाऊ शकतं, बोक्याच्या मार्गात अडकतं. शेळीपालन करणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. बोकडाची लघवी अशीच अडते, शेळीची सहसा अडत नाही. गोष्ट तीच आहे.

लघवी अडली तरी मूत्रपिंडांचं काम थांबत नाही. पिशवी भरत राहते, ताणली जाते, दगडासारखी कडक होते. मग मागे दाब येतो आणि मूत्रपिंडांचं काम बंद पडतं. लघवीवाटे जे विष बाहेर जायचं ते रक्तात साठतं. पोटॅशियम नावाचा क्षार रक्तात वाढतो आणि त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात. मार्ग पूर्ण बंद झाल्यावर साधारण एका दिवसात बोका मलूल होतो, उलट्या करतो. दोन ते तीन दिवसांत त्याचा जीव जातो. म्हणून यात "उद्या बघू" चालत नाही.

हे जास्त कुणाला होतं? तरण्या आणि मधल्या वयाच्या बोक्यांना. त्यातही जे घरात बसून खातात, वजनानं जड झालेत, कोरडं खातात, पाणी कमी पितात, त्यांना. घरात काही बदल झाला, नवं मांजर आलं, बांधकाम निघालं, पाहुण्यांची वर्दळ वाढली, तर त्या ताणानंही काही मांजरांच्या लघवीच्या पिशवीला सूज येते. पुष्कळदा डॉक्टरांनाही एकच एक कारण सापडत नाही. आपण मात्र एक लक्षात ठेवायचं. तरण्या बोक्यात यामागे जंतूंचा संसर्ग क्वचितच असतो. म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकची गोळी आणून दिली आणि वाट पाहत बसलो, तर अडलेला मार्ग काही उघडत नाही.

ओरडणं ओरडण्यात फरक असतो

बोका ओरडला की तो आजारीच, असं मुळीच नाही. वेगवेगळी ओरड कशी ओळखायची ते सांगतो.

पहिली ओरड मांजरीसाठीची. नसबंदी न केलेला बोका रात्री घोगऱ्या, लांब आवाजात ओरडतो, घराबाहेर जायला धडपडतो, दुसऱ्या बोक्यांशी भांडतो, दोन-दोन दिवस घरी येत नाही. पण तो खातो, चालतो, उड्या मारतो. मुख्य म्हणजे लघवी नीट करतो.

दुसरी गोष्ट फवारे मारण्याची. बोका भिंतीकडे, पोत्याकडे किंवा दाराकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी सरळ वर करतो, शेपटीचं टोक थरथरतं आणि मागच्या बाजूला फवारा उडतो. वास असा उग्र की खोलीत उभं राहवत नाही. हा आजार नव्हे. "ही जागा माझी" असं तो इतर बोक्यांना सांगत असतो. इथे तो उभा असतो, हे ध्यानात ठेवा.

तिसरी ओरड दुखण्याची. इथे बोका उभा नसतो, खाली बसतो. पुन्हा पुन्हा बसतो. पाच मिनिटांनी उठतो, दुसरीकडे जाऊन बसतो. पोट आत ओढून जोर करतो. थेंब पडतो किंवा तोही पडत नाही. कधी थेंबात रक्त दिसतं. बसल्या बसल्या ओरडतो. मग लघवीची जागा सारखी चाटत राहतो. एरवी राखेत किंवा मातीत जाणारा बोका अचानक मोरीत, ताटलीत, अंथरुणात बसायला लागतो. आपण त्याला फटका मारतो, घाण केली म्हणून. तो घाण करत नसतो, तो जागा शोधत असतो, कुठे तरी होईल म्हणून. पुढे तो खाणं सोडतो, पलंगाखाली जाऊन बसतो, पोटाला हात लावला की गुरगुरतो. उलटी झाली की समजा, वेळ फार थोडा उरला आहे. आणि ओरडणारा बोका अचानक शांत झाला, तर बरं वाटलं असं समजू नका. ते विष चढल्याचंही लक्षण असतं.

चौथी ओरड म्हाताऱ्या मांजराची. दहा-बारा वर्षांपुढचं मांजर रात्री उगाच मोठ्यानं ओरडत असेल, तर त्याला कमी ऐकू येत असेल, कमी दिसत असेल, किंवा रक्तदाब, थायरॉईड असं काही असेल. एकदा डॉक्टरांना दाखवावं.

आणि एक धोक्याची सूचना. मांजराचा आवाज बदलला, लाळ गळते, कारण नसताना अंगावर येतं, चावतं, चाल बिघडली आहे, तर त्याला हात लावू नका. मांजरालाही रेबीज होतो. चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. त्यावर हळद, चुना, मिरची काही लावत बसायचं नाही.

अजून एक. "बोका रडला, घरात काहीतरी वाईट होणार" असं म्हणून दगड मारून हाकलू नका. त्या रडण्यातून पुढची कुठलीही गोष्ट कळत नाही. कळलीच तर त्याच्या दुखण्याची कळते.

घरच्या घरी कसं तपासायचं?

शंका आली की बोक्याला एका रिकाम्या खोलीत ठेवा. एका परातीत किंवा घमेल्यात कोरडी वाळू पसरा. पाणी ठेवा. दर अर्ध्या तासानं बघा. चांगला बोका दिवसातून दोन ते चार वेळा लघवी करतो आणि वाळूचा मुठीएवढा ओला गोळा होतो. बोका परातीत चार वेळा बसला आणि वाळू कोरडीच, किंवा नुसते थेंब, तर तपासणी झाली. आता निघायचं. रात्र असेल तर फोन लावायला घ्यायचे.

पोट दाबून बघायचं नाही. अडलेली पिशवी लिंबापासून मोसंबीएवढी होते आणि चेंडूसारखी कडक लागते, हे खरं. पण ती ताणलेली असते. आपण दाबली तर आत फुटू शकते. पोट डॉक्टरांनाच तपासू द्या.

हे अजिबात करू नका

एरंडेल देऊ नका. आमची चूक तुम्ही करू नका.

माणसाच्या मुतखड्याची औषधं देऊ नका. पानफुटीचा पाला, गोखरूचा काढा, जवाचं पाणी, जे घरात असतं ते आपण देतो. पण नळ बंद असताना टाकीत पाणी सोडत राहिलो तर काय होईल? अडलेल्या बोक्याला जबरदस्तीनं पाणी पाजणंही तसंच. तो आपणहून पीत असेल तर पिऊ द्या, बळेच पाजू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, पॅरासिटामॉल देऊ नका. दुखतंय म्हणून आपण मुलाला देतो तशी अर्धी गोळी बोक्याला देण्याचा मोह होतो. मांजराच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या निळसर-तपकिरी होतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनाही हात लावू नका.

कुठे न्यायचं, काय विचारायचं?

आपल्या गावाजवळचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी असतात. मांजराला लागणारी बारीक नळी तिथे असेलच असं नाही. म्हणून आधी फोन करा आणि सरळ दोन वाक्यं बोला: "बोक्याची लघवी अडली आहे. तुमच्याकडे मांजराची कॅथेटर नळी आणि सलाईनची सोय आहे का?" "बोका ओरडतोय" असं म्हणालात तर समोरचा "उद्या आणा" म्हणेल. "लघवी अडली आहे" म्हणालात तर तो लगेच समजेल.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तिथे विचारता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, आणि त्यांना जोडून जनावरांचे दवाखाने आहेत. तालुक्याच्या गावात खासगी कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर असतात, त्यांचाही नंबर घेऊन ठेवा.

नेताना भाजीच्या क्रेटमध्ये जाड गोधडी घाला, वरून दुसरा क्रेट पालथा घालून दोरीनं बांधा. पोत्यात कोंबू नका. दुखणारा बोका घरच्यांनाही चावतो, म्हणून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून उचला.

डॉक्टर काय करतात तेही माहीत असू द्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. बोक्याला गुंगीचं औषध देतात, सलाईन लावतात. मार्गातून बारीक नळी घालतात, सलाईनच्या पाण्यानं बूच धुऊन काढतात आणि पिशवी मोकळी करतात. कधी सुईनं आधी थोडी लघवी काढून दाब कमी करतात. नळी एक-दोन दिवस तशीच ठेवावी लागते. मार्ग मोकळा झाल्यावर बोका भराभर लघवी करतो आणि शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून सलाईन चालू ठेवतात. "झालं की मोकळं, आता घरी न्या" अशी घाई आपण करायची नाही. घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस लघवीवर बारीक नजर ठेवायची, कारण पुन्हा अडण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. ज्यांची वारंवार अडते त्यांचा मार्ग रुंद करण्याची शस्त्रक्रियाही असते.

पुन्हा होऊ नये म्हणून

मांजर मुळात कोरड्या, वाळवंटी मुलखातल्या रानमांजराच्या वंशातलं. त्याला तहान कमी लागते. उंदीर खाल्ला की त्यातूनच त्याला पाणी मिळतं, कारण उंदराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग पाणीच असतो. पण आपण त्याला कोरडी बिस्किटं, सुकट, भाकरीचे तुकडे घालतो आणि वाटीभर पाणीही ठेवत नाही. म्हणून खाणं ओलं द्या. बिनमिठाचं शिजवलेलं चिकन किंवा काटे काढलेली मासळी, तिच्याच पाण्यासकट. त्यात कांदा-लसूण नको, ते मांजराला बाधतं. नुसत्या दूध-चपातीवर मांजराचं पोषण होत नाही, मोठ्या मांजराला दुधानं जुलाबही होतात. सुकट आणि खारे बोंबील रोज नकोत. पाण्याच्या दोन-तीन पसरट कुंड्या घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि पाणी रोज बदला. वाळूची जागा स्वच्छ ठेवा. घाण असली की मांजर लघवी दाबून ठेवतं.

रात्रीची ओरड, भांडणं आणि फवारे यांवर उपाय म्हणजे नसबंदी. पाच-सहा महिन्यांचा झाला की करता येते. सवय लागण्याआधी केली तर उत्तम. मोठेपणी केली तरी बहुतेक बोक्यांचे फवारे थांबतात, दहातला एखादा तरीही मारतो. काही जणी म्हणतात, लहानपणी नसबंदी केली की लघवीचा मार्ग अरुंद राहतो. मार्ग मोजून केलेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. पण नसबंदीनंतर बोके जाड होतात, आणि जाडीमुळे लघवीचा त्रास वाढतो, हे खरं आहे. म्हणून खाणं मोजून द्या. उंदीर तर तो नसबंदीनंतरही धरतो.

गटानं काय केलं?

गोट्यानंतर सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या एका ताईंचा फोन आला, रात्री नऊ वाजता. "आमचा बंड्या मोरीत बसतोय, थेंबही नाही." या वेळी कुणी हसलं नाही. वाळूची परात ठेवली, तासाभरात खात्री झाली. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला, रात्रीच नेलं. बंड्या वाचला. तीन दिवस दवाखान्यात होता, बिल साडेचार हजार झालं. ताईंच्या हातात आठशे रुपये होते.

प्रश्न गटासमोर आला. मांजरासाठी अंतर्गत कर्ज द्यायचं का? एक मावशी स्पष्ट म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला पैसे नाहीत, आणि बोक्याला साडेचार हजार?" त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. खूप वेळ कुणीच बोललं नाही. मग गोट्याच्या काकू बोलल्या. गोट्या गेल्यावर त्या पावसाळ्यात उंदरांनी तुरीची दोन पोती फोडली होती, तो हिशेब त्यांनी वहीतून वाचून दाखवला. शेवटी म्हणाल्या, "पोत्यांचं सोडा. मला त्या दिवशी कुणी निघा म्हणालं असतं, तर मी बांगडी ठेवून गेले असते."

कर्ज मंजूर झालं. ताईंनी पाच हप्त्यांत फेडलं. त्याच बैठकीत मावशींच्या गुडघ्याच्या तपासणीसाठीही तातडीचं कर्ज लिहिलं गेलं, हेही सांगायला हवं. इतिवृत्तात आता एक ठराव आहे: जनावर लहान असो की मोठं, सभासदानं तातडीचं म्हटलं तर अध्यक्ष आणि सचिव दोघींनी त्याच दिवशी निर्णय द्यायचा, मासिक बैठकीची वाट पाहायची नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. कुणाकुणाकडे बोका आहे ते विचारा. मांजराची नळी कुठल्या दवाखान्यात मिळते ते दिवसा, शांतपणे, फोन करून विचारून ठेवा. तो नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि बोका पुन्हा पुन्हा खाली बसतोय, थेंब येत नाही, ओरडतोय असं कुणी म्हणालं, तर हिशेब बाजूला ठेवा आणि आधी त्या बाईला गाडी बघून द्या.

आमची डाळीची खोली आता बंड्याची बहीण सांभाळते. काकूंनी ती मागून आणली. काकूंच्या ओट्यावर पाण्याच्या तीन कुंड्या आहेत, रोज सकाळी त्या स्वतः भरतात.

भेटूया पुढच्या बुधवारी. तोवर आपली, आपल्या माणसांची आणि आपल्या मुक्या सोबत्यांची काळजी घ्या. नमस्कार.